गुरुजींच्या लिव्हरची नसबंदी

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. परभणीत कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "सूनबाई डाक्टर हाय, पन सुई देत न्हाई, गोळी देत न्हाई. लोकांचे चालू नळ बंद करती." मी आधी चिडायचे. पुढं पुढं ही व्याख्या मला इतकी आवडली की नव्याने आलेल्या सिस्टरांना मी तीच सांगू लागले.

आमच्या हॉस्पिटलात कॅथ लॅब एकच. म्हणजे एक टेबल, त्याच्याभोवती फिरणारं एक्स-रेचं यंत्र आणि समोर मोठा पडदा. आठवडाभर तिथं हृदयाचे डॉक्टर असायचे आणि तुंबलेल्या रक्तवाहिन्या उघडायचे. गुरुवारी ती खोली माझी. त्याच टेबलावर, तसल्याच बारीक नळ्या घालून, मी चांगल्या वाहत्या रक्तवाहिन्या बंद करायचे. कुणाचं थांबत नसलेलं रक्त, कुणाची गर्भाशयातली गाठ, आणि माझ्या सगळ्यात आवडीची म्हणजे लिव्हरमधली गाठ. हृदयवाले डॉक्टर चहा पिता पिता म्हणायचे, "मी आठवडाभर जे करतो, त्यावर तुम्ही गुरुवारी पाणी फिरवता." मी म्हणायचे, "फिरवत नाही, तोडते." हा विनोद आम्ही दोघांनी निवृत्तीपर्यंत पुरवला.

गेल्या वर्षी मी शिशाचा एप्रन खुंटीला टांगला. तो इतका जड असतो की काढल्यावर दोन दिवस आपण हवेत चालतोय असं वाटतं, आणि माझे ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. त्या भरातच दिवाळी अंकाचं निमंत्रण आलं. नोकरीचा पाढा मी वाचणार नाही. एकच गोष्ट सांगते, वालूरच्या देविदास गुरुजींची.

गुरुजींना सेलूच्या डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलं होतं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा, खिशाला दोन पेनं. दारूचा थेंब नाही, तंबाखूची चिमूट नाही. पण कधीकाळी शिरलेली 'बी' प्रकारची कावीळ रक्तात मुक्काम ठोकून बसली होती आणि तिनं लिव्हरच्या उजव्या भागात मोसंबीएवढी गाठ करून ठेवली होती. कॅन्सरची गाठ. बरोबर त्यांच्या पत्नी, चंद्रकलाबाई. मी त्यांना म्हटलं, "ताई, ही कावीळ घरातल्या माणसांनाही होऊ शकते. तुमचंही रक्त तपासून घ्या." त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" आणि तो विषय तिथंच संपवला.

मग मी गुरुजींना उपचार समजावून सांगितला. अगदी मराठीत, कारण पेशंटच्या अंगावर इंग्रजी शब्द फेकायचे नाहीत हा माझा बाणा. ते बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे घोळ कुठं झाला ते कळेल.

"गुरुजी, घाबरू नका. आधी आपण तुमची नस बंद करू."

गुरुजी ताठ बसले. "कुठून करनार?"

"जांघेतून. एवढंसं छिद्र. टाकासुद्धा पडत नाही."

"टाका पडत न्हाई," गुरुजी जणू ओळखीचं काही ऐकल्यासारखे पुटपुटले.

"आणि एक नाही, दोन बंद करायच्यात. आधी एक, तीन-चार आठवड्यांनी दुसरी."

"दोन्ही?"

"दोन्ही. नंतर आठवडाभर सायकल नको, जड उचलायचं नाही."

एवढ्यात चंद्रकलाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, बाईला रडू फुटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "ताई, धीर धरा. तुमच्या संसारात ह्यानं काही फरक पडणार नाही." त्यांचे खांदे आणखीच हलायला लागले.

गुरुजींनी दाराकडं बघून हळूच विचारलं, "पन डॉक्टरीणबाई, ह्या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात? ऐंशीच्या आजोबांचीही केलीय मी."

येत्या गुरुवारी या, असं सांगून मी त्यांना निरोप दिला. आपण किती छान समजावलं, ह्या आनंदात मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्याले.

गुरुवारी गुरुजी आले नाहीत. फोन बंद. रफीक, माझा कॅथ लॅबचा तंत्रज्ञ, ह्या कामात चिकट. त्यानं चंद्रकलाबाईंचा नंबर मिळवला, बाहेर जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालेलं होतं.

"म्याडम, काकू बोलायल्यात, गुरुजी रुसून बसलेत. ह्या वयात नसबंदी करनार न्हाई म्हने."

शिशाच्या एप्रनात हसणं हा एक शारीरिक छळ आहे. पोट हलतं, एप्रन हलत नाही. मी टेबलाला धरून हसले, रफीक भिंतीला धरून हसला, सिस्टर तर बाहेरच पळाली. मी बोललेलं एकेक वाक्य आठवत गेले आणि प्रत्येक वाक्य नसबंदीलाच चपखल बसत होतं.

मग समोरच्या पडद्याकडं लक्ष गेलं. गुरुजींचं लिव्हर तिथं उघडं होतं, कारण त्या दिवशीच्या कामासाठी मी तो स्कॅन काढून ठेवला होता. गाठ अजून कापण्याजोगी होती. पण ती काढायची तर सगळी उजवी बाजू काढावी लागणार होती, आणि उरणारी डावी बाजू इतकी लहान की तेवढ्यावर माणूस जगला नसता. आधी डावी वाढवायची आणि तोवर गाठीला वाढू द्यायचं नाही, असा डाव होता. गुरुजी रुसून घरी बसले, तर काही आठवड्यांत हा डाव मोडणार होता. मग ऑपरेशन नाही, आणि गुरुजीही नाहीत.

रविवारी मी गाडी काढली. रफीक म्हणाला, मीही येतो, तुम्ही पुन्हा मराठीत समजावलंत तर कुणीतरी सावरायला पाहिजे.

वालूरला पोचल्यावर चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवून विचारलं, "देविदास गुरुजींचं घर कुठंय?"

हॉटेलवाला म्हणाला, "कोन, नसबंदीवाले?"

आम्ही कोण ते कळल्यावर तर तो आम्हाला निघूच देईना. "तुमीच का त्या करनाऱ्या म्याडम? बसा, च्या घ्या. लय चांगलं काम करायलात. माझ्या बापाला ह्याच गुरुजींनी सायकलवर डबलशीट घालून कॅम्पात नेल्तं. बाप मरेपतुर म्हनायचा, मास्तर समद्यांना नेतो, सोता कवा जायचा? आता सापडला म्हनायचं."

तरुण वाचकांसाठी सांगते. एके काळी शिक्षकांना पाढे शिकवण्याबरोबर कुटुंब नियोजनाच्या 'केसेस'ही आणाव्या लागत. केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेला माणूस. कोटा ठरलेला असायचा. गुरुजी त्यात वस्ताद होते, गोड बोलून अर्धं गाव त्यांनी कॅम्पात पोचवलं होतं. आणि आता अर्धं गाव त्यांच्या ओट्यासमोरून, काही काम नसताना, हसत हसत जात होतं.

गुरुजी ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसले होते. म्हणाले, "या. पन त्या कामाला आला असाल, तर च्या पिऊन परत जा."

मी नातवंडांचा छोटा फळा मागितला आणि खडूनं लिव्हर काढलं. गुरुजींनी चष्मा वर करून विचारलं, "हे वांगं हाय का?"

"लिव्हर आहे, गुरुजी."

"देठ कशाला काढला मंग?"

"तो देठ नाही, त्याच नसा आहेत. त्या बंद करायच्यात. लिव्हरच्या. खालच्या नाही."

गुरुजींनी रफीककडं पाहिलं. रफीकनं अत्यंत गंभीरपणे मान हलवली. मग गुरुजी फळ्यापाशी सरकले आणि मी सांगू लागले.

"लिव्हरचं शेत आहे असं समजा. ह्या शेताला दोन पाणी. एक पाट, आतड्यांकडून येणारा. आपण खाल्लेलं सगळं त्यातून येतं. मोठा, संथ. लिव्हर जगतं ते मुख्यतः ह्या पाण्यावर. दुसरी मोटर. थेट हृदयाकडून, पाइप बारीक पण जोर लई. आता गाठ असते लबाड. ती पाटाला तोंड लावत नाही. मोटरच्या पाइपाला आपल्या नळ्या जोडून घेते आणि त्यावर वाढते. म्हणून आधी मी मोटरची तेवढीच फांदी बंद करणार. गाठ उपाशी, लिव्हरला पाट आहेच. मग काही आठवड्यांनी पाटाची उजवी चारी बंद. सगळं पाणी डावीकडं वळलं की डावी बाजू वाढते. पुरेशी वाढली की उजवी कापून टाकायची, गाठीसकट."

गुरुजींनी फळा हातात घेतला. "दोन दोन येरझारा कशाला? आधी पाटच बंद करा की. डावी बाजू लवकर वाढंल."

"पाट बंद केला की त्या बाजूला मोटर आपोआप जास्त चालायला लागते. लिव्हरची सवयच तशी. एक पाणी कमी पडलं की दुसरं वाढवून घेतं."

गुरुजींनी चित्रातल्या मोटरवर बोट ठेवलं. "अन गाठ बसलीय मोटरवर."

"हो."

"मंग तर तिची दिवाळीच."

मी "शाब्बास" म्हणाले. चारठाण्याच्या एक बाई आठवल्या. त्या शिवणकाम करायच्या. त्यांच्या वेळी फक्त पाटाची चारी बंद केली होती, तेव्हा सगळीकडं रीत तीच होती. डावी बाजू छान वाढायला लागली, मी खूश होते. पण गाठ तिच्याहून वेगानं वाढली आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली. त्यांनी मला शिवून दिलेली कापडी पिशवी मी अजून वापरते. आधी मोटर, मग पाट, हा क्रम मी त्यांच्यानंतर कधी मोडला नाही. त्या आज असत्या तर किती बरं झालं असतं, असं ती पिशवी हातात घेतली की दर वेळी वाटतं.

गुरुजींना सगळं कळलं होतं. तरी ते मान हलवत म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पन गावाला कोन समजावनार? मी हॉस्पिटलातून आलो की हे लोक हार घेऊन उभे राहतील. मला न्हाई जमायचं. जे व्हायचं ते होऊ द्या."

चंद्रकलाबाई चहाचे कप घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले.

"हसू द्या की गावाला. तुमच्या कोट्यात एक केस कमी पडत हुती, तवा तुमी मला नेलं. धाकटा अंगावर पीत हुता. कुठली नस, कशाची नस, मला कुनी इचारलं न्हाई. घरी आले अन सैपाकाला लागले. तुमाला इचारायला ह्या बाई परभनीहून आल्यात, खडूनं चित्रं काढून दावायल्यात. तुमची नस लय म्हागाची हाय व्हय?"

रफीक आपल्या बुटांकडं बघत राहिला. गुरुजींनी फळा हळूच भिंतीला टेकवून ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "पिशवी भर."

परतताना हॉटेलवाल्यानं लांबूनच हात केला. रफीकनं काच खाली करून ओरडून सांगितलं, "लिव्हरची हाय, लिव्हरची." हॉटेलवाला म्हणाला, "कशाची बी असू द्या, करा एकदाची."

त्या गुरुवारी गुरुजी टेबलावर जागेच होते. ह्या कामात पेशंटला भूल द्यावी लागत नाही, छिद्रापुरतं बधिर करायचं. रफीकनं पडदा त्यांना दिसेल असा वळवला. जांघेतून नळी वर सरकवत लिव्हरपर्यंत नेली, औषधी रंग सोडला, आणि गाठ पडद्यावर काळीभोर उमटली, चहूबाजूंनी वाकड्यातिकड्या बारीक नळ्या ओढून घेतलेली. गुरुजी म्हणाले, "चोरीचं कनेक्शन." मी त्यातून अगदी गाठीच्या तोंडाशी औषध आणि बारीक कण सोडले. पुन्हा रंग सोडला. बाकीचं लिव्हर होतं तसं, आणि गाठीच्या जागी काहीच नाही. आयुष्यात शेकडो वेळा मी हे पाहिलं असेल, तरी दर वेळी मला टेबलाभोवती नाचावंसं वाटायचं. एप्रन होता म्हणून राहिले.

दोन दिवस ताप, मळमळ, मग गुरुजी ठणठणीत. ठरल्याप्रमाणे पुढं पाटाची उजवी चारी बंद केली, बरगड्यांमधून सुई घालून. आणि मग सुरू झाली वाट बघण्याची परीक्षा. दर सोमवारी सोनोग्राफी. डावी बाजू किती वाढली आणि गाठ जागी झाली का, हे दोन प्रश्न. मी घरी कुणाशी बोलत नव्हते, भाजीत मीठ विसरत होते. रफीक दर सोमवारी यंत्र सुरू करण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा.

एका सोमवारी गाठीच्या कडेला लाल चमकलं. रक्ताचा प्रवाह असला की आमच्या यंत्रात तिथं रंग येतो. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. चारठाण्याच्या बाई डोळ्यांसमोर आल्या. मी यंत्र घट्ट धरून म्हटलं, "गुरुजी, श्वास रोखा." लाल गायब. "सोडा." पुन्हा लाल. मग माझ्या लक्षात आलं की गुरुजींचं पोट थरथरतंय. गावात हॉटेलवाल्यानं हार खरंच आणून ठेवला होता आणि तो सुकायला लागलाय, हे रफीकनं त्यांना बाहेर सांगितलं होतं. माणूस हसू दाबत होता. पोट हललं की यंत्र फसतं आणि नसलेला प्रवाह दाखवतं. मी दोघांनाही इतकी रागावले की शेजारच्या खोलीतले हृदयाचे पेशंट दचकले असतील. मग मीच खुर्चीत बसून डोळे पुसले.

डावी बाजू मात्र वाढत होती, आणि कशी. मी मोठ्या तोऱ्यात चंद्रकलाबाईंना पडदा दाखवला. "बघा ताई, पाणी वळवलं तर केवढी वाढली."

त्या म्हणाल्या, "पानी तुमचं. अन म्या जे शिजवून घालायले, त्ये कुठं गेलं?"

खरंच होतं. पाटातून येतं ते त्यांच्याच चुलीवरून आलेलं. मी हरले, आणि मला हरून फार बरं वाटलं.

ऑपरेशन हैदराबादेला झालं. ज्या दिवशी उजवी बाजू निघाली, त्या दिवशी मी कॅथ लॅबमध्ये फोन हातात धरून बसले होते. तिथल्या सर्जननं एवढंच सांगितलं की डावी बाजू पुरली, पेशंट बोलतोय, आणि फळा मागतोय. मी रफीकला पेढे आणायला पाठवलं, तो आधीच आणून बसला होता.

मग बरेच महिने गेले. गुरुजी तपासणीला यायचे, स्कॅन स्वच्छ असायचा, उरलेलं लिव्हर भरून आलेलं. माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात ते आले तेव्हा मात्र तपासणीची तारीख नव्हती. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि दारातूनच त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "डॉक्टरीणबाई, केस आनलीय."

मी मान वर केली. मागं चंद्रकलाबाई उभ्या होत्या, कावीळ तपासायला रक्त द्यायला आलेल्या. इतके दिवस ज्यांना धाड भरलेली नव्हती, त्या.

गुरुजींचा आवाज जरा खाली आला. "ह्या बारीला इचारून आनलीय."

चंद्रकलाबाईंनी बाही वर केली आणि रफीकपुढं हात धरला. "हो म्हनायला म्या चांगलं आठ दिस लावले," त्या म्हणाल्या. "रोज इचारायचे. बरं वाटायचं."